वऱ्हाडचे आखाडे आणि पाठीचा कणा

व्यायामाची ओळख अमरावतीस नव्यानें करून द्यावी लागेल असें कोणी म्हणणार नाहीं. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनीं इ. स. १९१४ मध्यें ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली, त्या मंडळाचे लोक १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें थेट बर्लिनपर्यंत गेले आणि तेथें जमलेल्या राष्ट्रांपुढें देशी व्यायामांचे प्रयोग करून आले. वऱ्हाडांतील सामान्य गृहस्थास मुंबई देखील दूर वाटे, त्या काळची ही गोष्ट. अमरावतीचें नांव व्यायामशिक्षकांच्या तोंडीं बसलें तें तेव्हांपासून. इकडे अकोल्याकडील खेड्यांतही मारुतीच्या देवळाजवळ मातीचा हौदा व भिंतीशीं टेकून ठेवलेले मुद्गर असावयाचे, हें आमच्या पिढीनें पाहिलेलें आहे.

अशा या प्रांतांत एखाद्याच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया होते, टांके निघतात, तो घरीं येतो आणि विचारतो, “आतां मीं कोणता व्यायाम करावा?” त्याला बहुधा दोन उत्तरें मिळतात. घरांतील म्हातारें माणूस म्हणतें, “कांहीं करूं नको बापा, पडून राह्य.” आखाड्यांतला मित्र म्हणतो, “अबे, न हलवल्यानंच पाठ धरते. रोज बारा नमस्कार घाल.” दोघांचाही त्याच्यावर जीव असतो. गंमत अशी कीं, हीं दोन्ही उत्तरें निव्वळ अडाणीपणाचीं नाहींत. वैद्यकानेंही तीं आपापल्या काळीं मोठ्या आत्मविश्वासानें दिलेलीं आहेत. आम्ही वैद्य नव्हों. परंतु या प्रश्नास इतिहास आहे, आणि तो समजून घेतला असतां उत्तराचें स्वरूप बरेंच बदलतें, असें आम्हांस वाटतें.

आखाड्याला कण्याचें ज्ञान नव्हतें असें समजणें अन्यायाचें होईल. कुस्तींत मान मुरगळणें, कंबर लचकणें हे नित्याचे प्रकार. तेव्हां उस्तादाला हाडासांध्यांची पारख असल्यावांचून चालत नसे. महाराष्ट्रांतील साऱ्या व्यायाम-चळवळीवर ज्यांची छाप पडली ते बडोद्याचे प्रो. माणिकराव व्यायामाचार्य म्हणून जितके, तितकेच हाड बसविण्याच्या कौशल्याबद्दल प्रसिद्ध होते. परंतु ही नजर घडली होती ती निरोगी शरीर अधिक बलवान करण्यासाठीं. आजाऱ्याची जागा आखाड्याबाहेर. दुखापत झालेला गडी बरा होऊन आला म्हणजे मगच मातींत उतरे. आणि दुखापत व माती यांच्या मधल्या काळांत त्यानें काय करावें, किती करावें, कोणत्या क्रमानें करावें, याचें शास्त्र आमच्याकडे कोणी रचलें नाहीं. शस्त्रक्रिया झालेला मनुष्य नेमका त्या मधल्या काळांत उभा असतो.

दुसरी गोष्ट मोजणीची. आखाड्याची भाषा आंकड्यांची भाषा आहे: शंभर जोर, दोनशें बैठका, सवाशें नमस्कार. वाढत जाणारा आंकडा हीच प्रगति. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार शाळेंत, घरांत व स्त्रियांपर्यंत नेले. त्यांतील दहा अवस्थांचें विवेचन करणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालें. हें कार्य थोर होतें यांत शंका नाहीं. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं, नमस्कार हा अखंड, न फोडतां येणारा आणि लहानथोर सर्वांस सारखाच लागू पडणारा पदार्थ होऊन बसला. सांघिक कवायतींत तर शंभर मुलें एका हुकुमासरशीं एकच हालचाल करितात. तिचें सौंदर्य आम्हांस मान्य आहे; परंतु त्या शंभरांत एकाची पाठ निराळी आहे, हें हुकुमाला कळण्याची सोय नसते.

युरोपांत व्यायाम व उपचार यांची गांठ पडली ती प्रथम स्वीडनमध्यें. पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें राजाश्रयानें व्यायामाची संस्था काढली आणि व्यायामाचे चार भाग पाडले: शिक्षणाचा, सैन्याचा, सौंदर्याचा व वैद्यकीय. या चौथ्या भागाचें महत्त्व फार आहे. पहिले तीन भाग आमच्या आखाड्यांतही निराळ्या नांवांनीं नांदत होते. चौथ्याची खोलीच आम्हीं बांधली नव्हती. पुढें १८९४ सालीं लंडनांत चार परिचारिकांनीं शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था स्थापिली, आणि पहिल्या महायुद्धांतील जखमी सैनिकांची शुश्रूषा होऊन गेल्यावर, १९२० सालीं, तिला राजसनद मिळाली. आज जिला आपण फिजिओथेरपी म्हणतों तिचें कूळ हें असें आहे: अर्धें व्यायामशाळेंतलें, अर्धें रुग्णालयांतलें.

कण्याच्या ज्या शस्त्रक्रियेविषयीं आज इतकें ऐकूं येतें, तिचा इतिहास मात्र शंभर वर्षांचाही नाहीं. कमरेपासून पायांत उतरणारी गृध्रसी आयुर्वेदास पूर्वीपासून ठाऊक. पण तिचें एक मुख्य कारण १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोघां डॉक्टरांनीं स्पष्ट केलें. दोन मणक्यांमध्यें जी चकती असते, जिला आपल्याकडे ‘गादी’ म्हणतात, तिचें बाहेरचें चिवट कडें फाटून आंतील मऊ गर मागें सरकतो व मज्जातंतूस दाबतो. तत्पूर्वी शस्त्रवैद्यांना हाच तुकडा सांपडे, पण ती गांठ समजून ते काढीत. खरें कारण कळल्यावर शस्त्रक्रिया वाढल्या. आणि पाठ उघडून शिवलेल्या रोग्यास अर्थातच दीर्घ काळ अंथरुणास खिळवून ठेवण्याची रीत पडली. म्हणजे आमच्या घरांतील म्हातारें माणूस जें सांगतें तें मोठमोठ्या रुग्णालयांचेंही मत होतें.

तें मत हळूहळू ढासळलें. १९४७ सालीं इंग्लंडांतील डॉ. रिचर्ड ॲशर यांनीं अंथरुणाच्या धोक्यांवर एक खरमरीत लेख लिहिला: पडून राहिल्यानें रक्त पायांत गोठतें, स्नायू झिजतात, हाडें विरळ होतात, मन खचतें. १९८६ सालीं टेक्सासांतील डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाठ धरलेल्या २०३ रोग्यांवर प्रयोग केला. कांहींना दोन दिवस पडून राहण्यास सांगितलें, कांहींना सात. दोन दिवसवाले आपल्या कामावर लवकर परतले, आणि इतर बाबतींत सात दिवसांचा अधिक लाभ कांहींच दिसला नाहीं. हे रोगी शस्त्रक्रियेचे नव्हते, हें खरें. पण विश्रांति हें निरुपद्रवी औषध आहे ही समजूत येथें संपली.

आतां दुसऱ्या उत्तराकडे, म्हणजे नमस्काराकडे वळूं. हालचाल हवी हें ठरल्यावर कोणती हवी, यावर वैद्यकांत दोन पक्ष पडले. डॅलस येथील डॉ. पॉल विल्यम्स यांनीं १९३७ च्या सुमारास असें मांडलें कीं, मनुष्यास कंबरदुखी जडते ती कमरेच्या मागील खळग्यामुळें. म्हणून गुडघे छातीशीं घेणें, पुढें वांकणें, पोटाचे स्नायू बळकट करणें हे व्यायाम करावेत. पुढें जवळजवळ दोन पिढ्या हाच पाठ चालला. उलट १९५६ सालीं न्यूझीलंडांतील वेलिंग्टन येथें रॉबिन मॅकेंझी या उपचारकाच्या खोलींत एक रोगी चुकून डोक्याकडील बाजू उचललेल्या बाकावर पालथा पडून राहिला, म्हणजे त्याची कंबर मागें वांकलेली राहिली; आणि उठल्यावर त्याच्या पायांतील कळ गेलेली होती. मॅकेंझीनें तो धागा सोडला नाहीं. त्याचा पक्ष मागें वांकण्याचा. एका पक्षाचें औषध तें दुसऱ्या पक्षाचें विष, असा हा वाद वर्षानुवर्षें चालला.

या वादाकडे वऱ्हाडी डोळ्यांनीं पाहिलें तर एक गोष्ट चटकन ध्यानांत येते. ते दोन्ही पक्ष एकाच सूर्यनमस्कारांत सुखानें नांदत आहेत! हातांचे तळवे जमिनीस टेकवून, गुडघे ताठ ठेवून वांकण्याची जी अवस्था, ती विल्यम्सच्या बाजूची, किंबहुना त्याच्याही पुढची. आणि छाती वर काढून केलेली भुजंगासारखी अवस्था ती मॅकेंझीची. जोर मारतांनाही कणा एका झोक्यांत वर कमान व खालीं कमान असा दोन्हींकडून फिरतो. निरोगी पाठीस हें फार हितकर आहे. आलटूनपालटून दोन्ही बाजूंस वांकल्यानें ती लवचीक राहते. परंतु चकतीचा तुकडा नुकताच काढलेल्या पाठीस यांतील पहिली अवस्था धोक्याची. गुडघे ताठ ठेवून पुढें वांकलें कीं चकती पुढच्या बाजूस दाबली जाते, गर मागें सरकूं पाहतो, आणि मागचें कडें तर अजून सांधलेलें नसतें. त्याच पाठीस दुसरी अवस्था, सौम्य केली आणि डॉक्टरांनीं परवानगी दिली तर, पुष्कळदां मानवते. उलट वृद्धाची मज्जारज्जूची नळी अरुंद झाल्यामुळें शस्त्रक्रिया झाली असेल, तर मागें वांकल्यानें ती नळी आणखी आवळते. त्याला थोडें पुढें झुकल्यानें आराम पडतो. म्हणजे विल्यम्स एका रोग्याविषयीं बरोबर होता, मॅकेंझी दुसऱ्याविषयीं. ‘नमस्कार घालावा कीं नाहीं’ हा प्रश्नच मुळीं चुकीचा मांडलेला आहे. नमस्कार फोडला पाहिजे, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यास विचारलें पाहिजे कीं, तूं कोणासाठीं व केव्हां?

व्यायाम असा फोडून यंत्रापुढें बसविण्याचें काम आपल्याकडे कोणीं केलेंच नाहीं असें नाहीं. माणिकरावांच्याच आखाड्यांत तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढलें, आणि योगक्रियांच्या वेळीं पोटांतील दाब किती होतो हें दाबमापकानें मोजलें, क्ष-किरणांची चित्रें घेतलीं. व्यायामाच्या क्षेत्रांत हें धाडस आम्हांस बर्लिनच्या प्रयोगांहूनही मोठें वाटतें. पुढें चार दशकांनीं, १९६० नंतर, स्वीडनमधील गोटेनबर्गचे डॉ. आल्फ नाखेम्सन यांनीं तोच प्रश्न कण्याला विचारला. त्यांनीं जिवंत माणसाच्या चकतींत सुई घालून निरनिराळ्या स्थितींतील दाब मोजला. आडवें पडल्यावर तो सर्वांत कमी. उभें राहिल्यावर अधिक. टेक न घेतां बसल्यावर त्याहून अधिक. आणि पुढें वांकून ओझें उचलतांना किंवा पाय धरून उठाबशासारखा पोटाचा व्यायाम करितांना फारच अधिक.

वरोऱ्याच्या बाबा आमट्यांची येथें सहज आठवण होते. कण्याच्या विकारामुळें त्यांना कित्येक वर्षें बसतां येत नसे. ते एक तर उभे असत, चालत असत, नाहीं तर आडवे पडलेले असत. १९८५ सालीं ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ म्हणत निघाले ते याच स्थितींत. शरीरानें स्वतःच शोधून काढलेला नियम आणि नाखेम्सनची सुई यांचें येथें एकमत दिसतें. मात्र शास्त्राचा शब्द शेवटचा नसतो, हेंही सांगितलें पाहिजे. १९९९ सालीं जर्मनींत विल्के यांनीं पुन्हा मापन केलें तेव्हां सैल, टेकून बसण्याचा दाब उभ्या स्थितीहून जास्त भरला नाहीं. वांकून ओझें उचलण्याविषयींचा निष्कर्ष मात्र तसाच कायम राहिला.

शस्त्रक्रियेनंतरचे खुद्द प्रयोग बरेच उशीरा झाले. अमेरिकेंतील स्टॅनफर्डच्या कॅरागी यांनीं १९९९ सालीं चकतीची शस्त्रक्रिया झालेल्या १५२ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना कसलेंही बंधन घातलें नव्हतें, आणि तरी फळ वाईट आलें नाहीं. २०१४ सालीं २२ प्रयोगांचा, एकंदर २,५०३ रोग्यांचा, एकत्र आढावा निघाला. त्यांतून दिसलें तें असें कीं, शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनीं सुरू केलेल्या पद्धतशीर व्यायामानें, कांहींच न करणाऱ्यांपेक्षां दुखणें व अडचण लवकर कमी होते, आणि व्यायामामुळें पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण वाढल्याचें दिसत नाहीं. पुरावा दुबळ्या प्रतीचा आहे, असें आढावा घेणाऱ्यांनींच म्हटलें आहे; आणि तो चकतीच्या शस्त्रक्रियेपुरता आहे. स्क्रू व सळ्या घालून ज्यांचे मणके जोडले त्यांना तो जसाच्या तसा लावतां येत नाहीं, कारण तेथें हाड हाडाशीं सांधण्यास महिनेच्या महिने लागतात. ‘पाठीचें ऑपरेशन’ हा एकच शब्द आपण तीन निराळ्या गोष्टींस लावतों, हें बरेच घोटाळ्यांचें मूळ आहे. ज्यानें पाठ उघडली त्या शस्त्रवैद्यास, “नेमकें काय केलेंत, आणि काय करूं नये?” हें विचारून लिहून घेणें हा खरा पहिला व्यायाम.

त्यापुढचा क्रम अनुभवी उपचारक सामान्यतः असा लावतात. पहिल्या दिवसांत दीर्घ श्वास, घोटे हलविणें, एकसंध कुशीवर वळून हाताच्या आधारानें उठणें, आणि चालणें. थोडें थोडें, दिवसांतून अनेक वेळां. या काळांत चालण्यासारखा दुसरा व्यायाम नाहीं. नंतर उताणें पडून, गुडघे दुमडून पोट हलकेंच आवळणें, टांच सरकविणें. कांहीं आठवड्यांनीं, परवानगी मिळाल्यावर, कंबर थोडी उचलून सेतु करणें, हातागुडघ्यांवर ओणवें होऊन एक हात किंवा एक पाय लांबविणें. पाय ताठ ठेवून अंगठे धरणें, दोन्ही पाय एकदम उचलणें, हलासन, चक्रासन, कमरेस पीळ देणारीं आसनें, जोर, बैठका, मुद्गर हीं सर्व उशीराचीं. कांहींना तीं कायमचीं वर्ज्य. प्रगति आंकड्यानें मोजूं नये. ती दुखण्याच्या जागेवरून ओळखावी, हा मॅकेंझीचा धडा फार उपयोगी आहे: कळ पायांतून वर कमरेकडे आटत असेल तर वाट बरोबर, कमरेंतून पायांत उतरूं लागली तर तो व्यायाम तेथेंच सोडावा. आणि पाऊल लुळें पडणें, मांड्यांच्या मधल्या भागास बधिरपणा येणें, लघवीवरील ताबा जाणें, ताप येऊन जखम वाहणें किंवा पोटरी सुजणें यांपैकीं कांहीं झालें तर व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

महाराष्ट्रांत या विद्येचें शिक्षण सुरू झालें तें मुंबईस, के. ई. एम. रुग्णालयांत, १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें. आणि त्यामागची निकड पाठीची नसून पोलिओनें लुळ्या झालेल्या मुलांची होती. या विद्येनें काय साधतें याचें उदाहरण सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांचें. १९६५ च्या युद्धांत या जवानास गोळ्या लागल्या, एक कण्यांत रुतून बसली. पोहणें त्यांना लावलें तें उपचार म्हणून. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत पन्नास मीटर पोहण्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. कुस्तीची हौस असलेल्या या गड्यास आखाड्याकडे परत जातां आलें नाहीं. शरीर कोठें नेतें हें पाहून त्यांनीं व्यायाम बदलला.

आज अमरावती व अकोला येथें वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, कण्याच्या शस्त्रक्रियेसाठीं प्रत्येकास मुंबई गांठावी लागत नाहीं. अडचण पुढें येते, घरीं परतल्यावर. रोग्याच्या हातीं एक चित्रांचा कागद देतात. त्यांतला मनुष्य पलंगावर निजतो, खुर्चीवर बसतो. आमच्याकडचा मनुष्य जमिनीवर अंथरूण घालतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून शौचास जातो. जमिनीवरून उठतांना आधीं कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढें घेऊन भिंतीस धरून उभें राहावें, हें चित्र त्या कागदावर नसतें. वास्तविक दिवसांतून दहा वेळां लागणारी हालचाल तीच. पूर्णेच्या खोऱ्यांत अकोला-अमरावतीकडील खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथें घरच्या विहिरीचें पाणी पिण्याजोगें नसल्यानें बायकांना गोड्या पाण्याचे गुंड दुरून आणावे लागत आले. कमरेवर घेतलेला भरला गुंड कण्याला एका बाजूस वांकवितो आणि पीळही देतो; पाठीस याहून प्रतिकूल ओझें शोधून सांपडणार नाहीं. निंदण तर गुडघे ताठ ठेवून तासन् तास ओणवें राहण्याचें काम.

तेव्हां आषाढांत शस्त्रक्रिया झालेली बाई विचारते ती नमस्काराची गोष्ट नसते. तिला हवें असतें तें एवढेंच, कीं दसऱ्यानंतर पहिली वेचणी लागेल तेव्हां तिनें जावें काय. मणके जोडले असतील तर या हंगामांत नाहीं. चकतीचा तुकडाच काढला असेल, तीन महिने होत आले असतील, पायांत कळ नसेल आणि शस्त्रवैद्यानें होकार दिला असेल, तर अर्धा दिवस जावें. उंच झाडांची ओळ घ्यावी, खालचीं बोंडें दुसऱ्या कोणास द्यावीं, कमरेस बांधलेलें कापड भरूं न देतां वारंवार रितें करावें, दर थोड्या वेळानें धुऱ्यापर्यंत चालून यावें. निंदण या वर्षीं करूं नये. आणि गोळा झालेल्या कापसाचें गाठोडें बंडीपर्यंत घरांतल्या पुरुषांनीं न्यावें.